तळ्यातले प्लवक: कुठे आणि किती

कुवेतमध्ये बारमाही वाहणारी नदी नाही आणि निसर्गाने घडवलेले गोड्या पाण्याचे कायमचे तळेही नाही. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर. महाबळेश्वरला आषाढातल्या एखाद्या जोराच्या दिवसात याहून जास्त पडतो. १९५३ साली समुद्राचे पाणी गोडे करणारा पहिला मोठा प्रकल्प सुरू झाला. तोवर इथले लोक विहिरींच्या मचूळ पाण्यावर आणि शत्त अल-अरब नदीतून गलबतांनी भरून आणलेल्या पाण्यावर दिवस काढत. आज फरवानिया प्रांतातल्या खैतानमध्ये, विमानतळाजवळच्या या दाट वस्तीत, नळाला येणारे पाणी मुळात समुद्राचे असते. साठवलेले गोडे पाणी इथे भेटते ते गच्च्यांवरच्या टाक्यांमध्ये.

त्या टाक्यांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. एकाच गच्चीवर, एकाच नळाने भरणाऱ्या दोन टाक्या घ्या. एक जाड आणि काळी. दुसरी जुनी, उन्हाने विटून पातळ झालेली, भिंतीतून उजेड आत झिरपू देणारी. उत्तरेकडून येणारा ‘शमाल’ वारा दोन्हींच्या झाकणाखालून सारखीच बारीक धूळ आत घालतो. त्या धुळीत लोह असते, थोडा फॉस्फरसही असतो, म्हणजे शेवाळाला लागणारे खाद्य. पाण्यातले क्लोरीन दोन्हींत हळूहळू उडून जाते. तरीही हिरवा थर धरतो तो दुसऱ्याच टाकीत, आणि तिच्यातही उन्हाच्या बाजूला आधी. पहिल्या टाकीत खाद्य असूनही काही उगवत नाही, कारण उजेड नाही. दुसरीत उजेड भरपूर असूनही थर एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, कारण धुळीने आणलेले खाद्य संपते.

या दोन टाक्यांत या प्रकरणाचे दोन्ही प्रश्न आले. सूक्ष्म जीव पाण्यात कुठे आहेत, हा एक. ते एकूण किती आहेत, हा दुसरा. तळ्यांबद्दलच्या आपल्या बहुतेक चर्चा या दोन प्रश्नांची सरमिसळ करतात, आणि मग पाणी हिरवे झाले की उपाय भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

प्लवक म्हणजे पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध जाण्याची ताकद नसलेले जीव. उजेडावर स्वतःचे अन्न तयार करणारे ते वनस्पती प्लवक: सिलिकेच्या कवचात राहणारे डायटम, हिरवी शेवाळे, आणि निळे-हिरवे शेवाळ म्हणून ओळखले जाणारे पण प्रत्यक्षात जिवाणू असलेले सायनोबॅक्टेरिया. त्यांना खाणारे ते प्राणी प्लवक: रोटिफर, कोपेपॉड, डाफ्नियासारख्या पाणपिसवा. वनस्पती प्लवक बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. डाफ्निया एक ते तीन मिलिमीटरची, बरणी उजेडात धरली तर उड्या मारताना दिसते. यांना पाणी वाहून नेईल तिकडे जावे लागते हे खरे, पण त्यावरून ते पाण्यात मीठ विरघळावे तसे सगळीकडे सारखे पसरलेले असतील असे समजणे चूक आहे. त्याच तळ्याच्या दोन काठांवर, त्याच जागी दोन खोलींवर, त्याच खोलीवर सकाळी आणि रात्री, वेगवेगळी वस्ती सापडते.

सर्वांत आधी उजेड. १८६५ मध्ये आंजेलो सेक्ची या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. ती तबकडी आजही जगभर वापरतात. गोड्या पाण्यासाठी तिच्यावर आलटून-पालटून काळे-पांढरे चतुर्थांश रंगवतात. आपल्याकडे महाराष्ट्रात शेततळ्यांवरचे मत्स्यपालक तबकडीशिवायच तेच मोजतात: हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा आणि तळवा दिसतो का ते पाहायचे. दिसेनासा झाला तर प्लवक पुरेसे आहेत, आणखी शेणखत टाकायची गरज नाही. तबकडी जिथे दिसेनाशी होते त्याच्या साधारण अडीचपट खोलीपर्यंत वनस्पती प्लवकांना जगण्यापुरता उजेड मिळतो. पाणी गढूळ असेल आणि तबकडी अर्ध्या मीटरवर हरवत असेल, तर वीस मीटर खोल धरणातही हिरव्या जिवांचे राज्य वरच्या सव्वा मीटरपुरते असते. खाली तेही असतात, पण उपाशी, बुडत चाललेले.

उजेडानंतर उष्णता, आणि इथे आपल्या उष्ण प्रदेशातली तळी युरोपातल्या तळ्यांपासून वेगळी पडतात. पाणी तापले की हलके होते, पण प्रत्येक अंशाला सारखे हलके होत नाही. ४ वरून ५ अंश सेल्सिअसला जाताना घनतेत जो फरक पडतो त्याच्या सुमारे तीसपट फरक २४ वरून २५ अंशाला जाताना पडतो. म्हणून थंड देशात पृष्ठभाग आणि तळ यांत दहा अंशांचा फरक असावा तेव्हा जे थर पक्के होतात, ते आपल्याकडे दोन-तीन अंशांतही होऊ शकतात. एप्रिलच्या दुपारी खोल जलाशयाचे वरचे तापलेले पाणी खालच्या पाण्यात मिसळत नाही. वर उजेड आहे, पण खाद्य संपत आले आहे. खाली तळाच्या गाळातून सुटलेले खाद्य आहे, पण अंधार आहे आणि प्राणवायूही संपत चाललेला. कोयनेचा शिवसागर १०३ मीटर उंच भिंतीमागे दऱ्याखोऱ्यांत खोल पसरला आहे. तिथे थर टिकायला वाव आहे. पैठणचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब, पण उथळ आणि मोकळ्या माळावरचा. तिथे जोराचा वारा सुटला की तळापर्यंत ढवळून निघते. एकाच गोदावरी-कृष्णेच्या पठारावर, एकाच पावसावर भरणारे हे दोन जलाशय, पण त्यांच्यातल्या प्लवकांचे दिवस अगदी निराळे.

पाणी स्थिर झाले की कोण तरंगतो आणि कोण बुडतो याला महत्त्व येते. डायटमचे कवच सिलिकेचे, पाण्याहून जड. शांत पाण्यात ते दिवसाला काही सेंटीमीटरपासून एखाद्या-दुसऱ्या मीटरपर्यंत खाली जातात. त्यांना वर राहायला ढवळणारे पाणी लागते, म्हणून वाऱ्याच्या आणि गार रात्रींच्या ऋतूत ते भरभराटतात. शिवाय कवचासाठी विरघळलेली सिलिका लागते. इंग्लंडमधल्या विंडरमिअर तळ्यावर १९४०च्या दशकापासून जॉन लंड यांनी आठवड्यामागून आठवडे मोजणी केली आणि दाखवून दिले की ॲस्टेरिओनेला नावाचा ताराकृती डायटम वसंतात वाढत जातो आणि पाण्यातली सिलिका लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आली की त्याचा बहर कोसळतो. आपला काळा बेसाल्ट झिजताना पाण्यात सिलिका भरपूर सोडतो, त्यामुळे दख्खनच्या जलाशयांत डायटमना या बाबतीत सहसा ददात नसते. त्यांची अडचण असते ती उन्हाळ्यातल्या स्थिर पाण्याची.

त्या स्थिर पाण्यात मायक्रोसिस्टिस बाजी मारतो. हा सायनोबॅक्टेरिया वसाहती करून राहतो, आणि त्याच्या पेशींत हवेने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. रात्री त्या त्याला वर उचलतात. दिवसभर उजेडात तयार केलेली पिष्टमय द्रव्ये साठून पेशी जड झाल्या की तो काहीसा खाली उतरतो, तिथले खाद्य घेतो, साठा वापरून पुन्हा हलका होतो. म्हणजे वर उजेड आणि खाली खाद्य, ही जी अडचण इतरांना मारते, तिच्यातूनच तो वाट काढतो. संथ पहाटे तो पृष्ठभागावर येऊन हिरवा तवंग धरतो.

मग वारा येतो. सेकंदाला तीनेक मीटरपेक्षा जोराचा असेल तर तवंग मोडून पाण्यात मिसळतो. त्याहून मंद असेल तर तो तवंगाला ढकलत वाऱ्याखालच्या काठाला नेऊन लावतो. संबंध जलाशयातले तरंगते जीव असे एका खाडीत, एका घाटाशी गोळा झाले की तिथली दाटी मधल्या पाण्याच्या शेकडो पट होऊ शकते. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलीडो शहराला याचा फटका बसला. ईरी सरोवराच्या पश्चिम टोकाला मायक्रोसिस्टिस वाढला होताच; तो नेमका शहराच्या पाणी उपसण्याच्या ठिकाणावर येऊन साचला, आणि त्याचे विष नळाच्या पाण्यात उतरले. हे विष उकळून जात नाही. सुमारे पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका असे सांगावे लागले. सरोवर अवाढव्य, प्रश्न होता एका ठिकाणच्या, एका खोलीवरच्या पाण्याचा. आखातातही २००८-०९ मध्ये एका समुद्री प्लवकाचा लाल बहर पसरला आणि संयुक्त अरब अमिराती व ओमानमधले पाणी गोडे करणारे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. समुद्राच्या पाण्यावर जगणाऱ्या शहरांनाही प्लवक कुठे साचतात याची चिंता असतेच.

वाऱ्याचे आणखी एक काम आहे, आणि ते पाहायला मला फार आवडते. वारा एका दिशेने वाहत राहिला की पाण्यावर त्याच दिशेने जाणाऱ्या समांतर रेघा दिसतात, फेसाच्या, पानांच्या, कधी शेवाळाच्या. आयर्विंग लँगम्युअर हे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ. १९२७ मध्ये अटलांटिक ओलांडताना त्यांना सारगॅसम या समुद्री शेवाळाच्या अशा रांगा दिसल्या. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर प्रयोग करून त्यांनी १९३८ मध्ये कारण सांगितले: वाऱ्याखाली पाणी लांबट पिळांत फिरत असते, आणि शेजारचे दोन पीळ जिथे एकमेकांकडे वळून खाली जातात तिथे तरंगणाऱ्या गोष्टी अडकून रांग धरतात. त्या रांगेत बाटली बुडवली तर एक उत्तर मिळते, तीन-चार मीटर बाजूला बुडवली तर दुसरे.

प्राणी प्लवकांना वारा नेतोच, पण वर-खाली जाण्याचा निर्णय ते स्वतः घेतात. पाणपिसवा दिवसा खाली असतात आणि रात्री वर येतात, ही नोंद फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८१७ मध्येच केली होती. अन्न वर उजेडात आहे, मग दिवसभर खालच्या गार अंधारात का थांबायचे? कारण मासे डोळ्यांनी शिकार करतात. जर्मनीतल्या प्लॉन येथील माक्स प्लांक संस्थेत उंच टाक्या बांधून प्रयोग झाले. ज्या पाण्यात मासे राहून गेले आहेत ते पाणी टाकीत सोडले, प्रत्यक्ष मासा एकही नसला तरी, डाफ्निया दिवसा खाली उतरू लागल्या. माशांपासून सुटणाऱ्या रसायनाचा त्यांना सुगावा लागतो. ज्या तळ्यात मासेच नाहीत तिथे हा रोजचा प्रवास फारसा दिसत नाही.

मासे प्लवकांची जागा बदलतात, तशी त्यांची जातही बदलतात. १९६५ मध्ये ब्रुक्स आणि डॉडसन यांनी कनेटिकटमधल्या क्रिस्टल लेकच्या जुन्या-नव्या नमुन्यांची तुलना छापली. तळ्यात प्लवक खाणारा ब्लूबॅक हेरिंग मासा आल्यानंतर मोठ्या पाणपिसवा नाहीशा झाल्या आणि लहान जाती उरल्या. मासा मोठे भक्ष्य आधी टिपतो. आपल्या जलाशयांत मोठी डाफ्निया विरळ आणि रोटिफर व लहान पाणपिसवा फार, याचे एक मोठे कारण हेच आहे. वर्षभर उबदार पाणी, वर्षभर मासे. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत ढीवर आणि पुणे-सोलापूरकडे भोई जी कटला पकडतात ती पृष्ठभागाजवळचे प्राणी प्लवक खाते. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. तीन जाती एकत्र सोडण्याचा मत्स्यपालनातला नियम पाण्याच्या थरांवरच उभा आहे. उजनीतली चिलापी शेवाळापासून गाळापर्यंत सगळेच खाते, म्हणून तिचे फावते. रोटिफरसारखा मिलिमीटरच्या पाव भागाएवढा जीवही गप्प बसत नाही. ब्रॅकिओनस या आपल्याकडे जागोजागी सापडणाऱ्या रोटिफरला ॲस्प्लँक्ना या शिकारी रोटिफरचा रासायनिक सुगावा लागला की त्याची पुढची पिढी लांब काटे घेऊन जन्मते, आणि ते काटे शिकाऱ्याच्या घशात अडकतात.

आता उजनीबद्दल जरा सविस्तर. भीमेवरचे हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६४ टीएमसी, मृत साठा. उन्हाळ्यात धरण ‘मायनसमध्ये गेले’ असे सोलापूरकर म्हणतात तेव्हा पाणी या मृत साठ्याच्या रेषेखाली उतरलेले असते. वरून पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येते. लांबट नदी-धरणाचे प्लवक तीन पट्ट्यांत वाटले जातात, हा जगभरच्या जलाशयांत दिसलेला क्रम आहे. नदी शिरते त्या टोकाला खाद्य सर्वांत जास्त, पण गाळही जास्त आणि पाणी वाहते, म्हणून उजेड आणि सवड दोन्ही कमी. मध्ये पाणी मंदावते, गाळ बसतो, उजेड खोल जातो आणि खाद्य अजून शिल्लक असते. प्लवकांचा सर्वांत दाट पट्टा इथे. भिंतीजवळ पाणी खोल आणि त्यामानाने निवळ, कारण वरच्यांनी खाद्य आधीच वापरले. हा दाट पट्टा जागचा हलत नाही असे मात्र नाही. धरण भरते तेव्हा तो नदीकडे सरकतो, आवर्तने सुटून पाणी उतरते तसा भिंतीकडे. भिगवणला फ्लेमिंगो जिथे चोच उलटी धरून चरतात त्या उथळ पाण्याचा काठही दर महिन्याला वेगळ्या शेतात असतो.

पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर होते. सुपीक गाळात पीक चांगले येते, आणि त्या पिकाला घातलेल्या खताचा उरलेला भाग पुढच्या पावसाळ्यात थेट जलाशयात विरघळतो. गाळपेर करणाऱ्याकडे बहुतेकदा तेवढीच जमीन उरलेली असते, त्यामुळे त्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. पण हिशेब मांडताना तो भाग वगळताही येत नाही.

पाश्चात्त्य पुस्तकांत तळ्याचे वर्ष वसंतात सुरू होते: बर्फ वितळते, डायटम फुलतात, मग पाणपिसवा त्यांना खाऊन पाणी निवळ करतात. आपले वर्ष मृगात सुरू होते. जून ते सप्टेंबर पुराचे पाणी येते, तांबूस गाळ आणते, जुने पाणी सांडव्यावरून ढकलून देते. उजेड नसतो, आणि वाढायला पुरेसे दिवसही मिळत नाहीत. प्लवक या काळात सर्वांत विरळ. ऑक्टोबरच्या उन्हात गाळ बसतो आणि पावसाने आणलेले खाद्य उजेडात येते. थंडीच्या रात्री वरचे पाणी गार होऊन खाली उतरते, थर मोडतात, डायटमचे दिवस येतात. फेब्रुवारीनंतर ऊन वाढते, पाणी उतरते, उरलेल्या पाण्यात खाद्य दाट होते आणि निळ्या-हिरव्या शेवाळाची पाळी येते. वळवाचा एक जोरदार पाऊस हा क्रम एका रात्रीत विस्कटू शकतो. म्हणून मार्चमध्ये एकदा काढलेल्या नमुन्यावरून वर्षाचा निष्कर्ष काढणारे अहवाल वाचताना सावध राहावे.

एका तळ्यात इतक्या जाती एकत्र राहतातच कशा, हा प्रश्न तळ्यांचे अभ्यासक जी. एव्हलिन हचिन्सन यांनी १९६१ मध्ये विचारला. सगळ्यांना तोच उजेड आणि तेच मोजके क्षार हवेत. मग सर्वांत चपळ जातीने बाकीच्यांना केव्हाच संपवायला हवे होते. हचिन्सन १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या मोहिमेतून लडाखच्या उंचावरच्या सरोवरांवर काम करून गेले होते, त्यामुळे भारतीय पाण्याशी त्यांची ओळख होती. त्यांच्या उत्तराचा गाभा असा की कोणी जिंकण्याआधीच परिस्थिती बदलते. मावळातल्या तळ्याकाठी राहिलेल्या माणसाला हे उत्तर पटायला वेळ लागत नाही.

पाण्याची रासायनिक घडण ही सर्वांत कडक चाळणी. लोणारच्या विवरात ती एका नजरेत दिसते. कड्यावरून झरणाऱ्या धारेचे पाणी गोडे आहे, आणि काही अंतर उतरून गेले की सरोवराचे पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी. धारेतला प्लवक सरोवरात जगत नाही. सरोवराला एरवी हिरवा रंग देतो तो स्पिरुलिनाच्या कुळातला, अशा पाण्यातच रमणारा सायनोबॅक्टेरिया. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की बाष्पीभवनाने क्षारता वाढली आणि मीठप्रिय हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य पसरले. पाऊस आला, रंग गेला.

या संस्थेला ज्यांचे नाव आहे त्या मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचा या विषयाशी थेट संबंध आहे. १९१०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात असताना, सह्याद्रीतल्या सातारा भागातल्या नद्यांत त्यांना गोड्या पाण्यातला लहानसा जेलीफिश सापडला. तोवर हे कूळ आफ्रिकेतल्या पाण्यांतून ठाऊक होते. प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. तो सूक्ष्म नाही, पण प्लवकच. सह्याद्रीतल्या डोहांकडे नीट पाहिले तर जगाला नवे वाटावे असे काही मिळते, हे आपल्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी दाखवले होते, आणि तरी आपल्या बहुतेक तलावांची वर्षभराची साधी प्लवक-नोंद आजही कोणी ठेवत नाही. हे मला खटकते.

इथवर सगळे ‘कुठे’ होते: उजेड, थर, वारा, मासे, पाऊस. आता ‘किती’.

कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगांसाठीच राखलेली तळी आहेत. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी त्यांतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या अरुंद कमरेत प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन टाकले. फॉस्फरस मात्र एकाच भागात. थोड्याच आठवड्यांत तो भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला. तळे तेच, ऊन तेच, वारा तोच, पाऊस तोच. विमानातून काढलेल्या त्या छायाचित्राने साबणचुऱ्यातल्या फॉस्फेटने तळी हिरवी होतात की नाही हा वाद मिटवायला मोठी मदत केली. नायट्रोजन कमी पडला तर काही सायनोबॅक्टेरिया तो हवेतून घेतात. फॉस्फरस हवेतून घेण्याची सोय कोणाजवळ नाही. म्हणून तळे किती हिरवे होणार याची कमाल मर्यादा बहुतेक ठिकाणी फॉस्फरस ठरवतो. नदीत तो येतो मैल्यातून, साबणातून, खतातून. कुवेतमध्ये जहरा येथे शुद्धीकरण केलेल्या सांडपाण्यावर पाणथळ उभी राहिली आहे, भोवती बोरूचे बन, वर स्थलांतरित पक्षी, आणि आता ते राखीव क्षेत्र आहे.  वाळवंटातही सांडपाण्यातले खाद्य इतके हिरवे करते, यावरून दोन महानगरांचे सांडपाणी घेणाऱ्या उजनीत काय होत असेल याचा अंदाज यावा.

एकदा आलेला फॉस्फरस सहज जात नाही. तळाशी प्राणवायू असतो तोवर गाळातले लोह त्याला धरून ठेवते. प्राणवायू संपला की लोह विरघळते आणि फॉस्फरस पाण्यात सुटतो. हे क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या तळ्यांवर दाखवले. म्हणजे वरून येणारे सांडपाणी थांबवले तरी तळ काही वर्षे जुनी बाकी परत करत राहतो.

तरीही फरक पडतो. अमेरिकेतल्या सिॲटलजवळचे लेक वॉशिंग्टन १९५५ च्या सुमारास सायनोबॅक्टेरियाने भरू लागले. टॉमी एडमंडसन या शास्त्रज्ञाने लोकांना समजेल अशा भाषेत कारण सांगितले, नागरिकांनी मतदान करून खर्च मंजूर केला, आणि १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने सरोवराबाहेर वळवले गेले. सेक्ची तबकडी एका मीटरच्या आसपास दिसेनाशी होत असे; ती काही वर्षांत तीन मीटरपर्यंत दिसू लागली. १९७६ मध्ये तिथे डाफ्नियांनी बस्तान बसवले, त्या शेवाळ खाऊ लागल्या, आणि तबकडी सहा मीटरच्याही खाली दिसू लागली. आधी ‘किती’ कमी झाले, आणि मग पाणपिसवांनी उरलेले काम केले. क्रम उलटा असता तर जमले नसते.

उजनीत, रंकाळ्यात, पवईत पाणी हिरवे होते तेव्हा तवंग गोळा करणे, जिवाणूंची पावडर फवारणे, कारंजी लावणे असे उपाय सुचवले जातात. हे सगळे प्लवकांची जागा बदलतात. तवंग बाहेर काढून टाकला तर थोडे प्रमाणही. वरून येणारा फॉस्फरस तेवढाच राहतो. पाणी उपसण्याची खोली बदलता येते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते जरूर करावे. धरणाच्या उपसा-विहिरीत वेगवेगळ्या पातळीवरचे दरवाजे असतील तर ते याचसाठी वापरता येतात. पण उजनीचे पाणी हिरवे राहणार की नाही याचा निर्णय पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या मैलाशुद्धीकरण केंद्रांत होणार आहे. तिथे सांडपाणी पूर्ण शुद्ध झाले पाहिजे आणि त्यातला फॉस्फरस काढला गेला पाहिजे. आपल्या गावच्या तलावाचा अहवाल हाती आला तर त्यात चार गोष्टी शोधा: नमुना कोणत्या महिन्यात घेतला, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती खोलीवरून, आणि वारा कुठून वाहत होता. त्या नसतील तर महापालिकेकडे लेखी मागा, आणि त्याच अर्जात वरच्या नाल्यातून फॉस्फरस किती येतो हेही विचारा.